वेदनेचा पहारा

शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाच्या तळव्यात काटा रुततो. पुढचे पाऊल टाकण्याआधीच तो थबकतो, एका पायावर तोल सावरीत दुसरा पाय हातात घेतो, आणि काटा निघेपर्यंत त्याला दुसरे काही सुचत नाही. या घटनेत नवल करण्याजोगे काही आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. उलट ठेच, कुरूप, टाचेच्या भेगा, नव्या वहाणेने उठविलेला फोड, यांपैकी कशाचेही नाव काढले की माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात. वेदना ही पीडा. ती टळावी म्हणून औषधे घ्यावयाची, नवस बोलावयाचे, आणि ती थांबली की सुटकेचा निःश्वास टाकावयाचा, हा मानवजातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. परंतु ज्याच्या पायात काटा रुतला आणि ज्याला तो कळलाच नाही, अशा माणसाचे पुढे काय होते? तो चालत राहतो. काटा खोल जातो, जखम चिघळते, हाडापर्यंत पोहोचते, आणि एके दिवशी पायाचे बोट नाहीसे होते. पुढे दुसरे बोट जाते, मग चवडा, मग सारे पाऊल.

पायाचा नाश वेदनेने होत नसून वेदनेच्या अभावाने होतो, ही गोष्ट आज सांगितली तर सहज पटण्याजोगी वाटते. तथापि ती निर्विवादपणे सिद्ध होऊन शंभर वर्षेही लोटलेली नाहीत. विशेष असे की, हे ज्ञान ज्या रोग्यांच्या पायांकडे पाहून मिळाले, त्या रोग्यांकडे समाज हजारो वर्षे पाहावयास तयार नव्हता. आणि ते ज्या भूमीवर मिळाले ती भूमी भारताची होती. कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांची ही कहाणी वैद्यकाच्या इतिहासात जितकी महत्त्वाची आहे, तितकीच ती माणसाच्या माणुसकीच्या इतिहासातही आहे.

कुष्ठरोग हा या देशाचा फार जुना रहिवासी. राजस्थानातील बालाथल येथे उत्खननात सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्याच्या हाडांवर या रोगाच्या खुणा आढळल्या. त्याविषयीचे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या प्राचीन वैद्यांनी ‘कुष्ठ’ या एका नावाखाली त्वचेचे अनेक विकार एकत्र केले होते. परंतु त्यांच्या वर्णनांत स्पर्शज्ञान नाहीसे होणे हे लक्षण स्पष्टपणे नोंदविलेले आहे. म्हणजे बधिरता ठाऊक होती, झडलेली बोटे आणि तळव्याचे न भरणारे व्रणही ठाऊक होते. या दोन गोष्टींना जोडणारा दुवा मात्र कोणाच्या हाती लागला नव्हता. मांस आपोआप सडते, अवयव आपोआप गळून पडतात, अशीच सर्वांची समजूत होती; आणि जे आपोआप घडते त्याला पूर्वजन्मीचे पाप अथवा देवाचा कोप यावाचून दुसरे कारण सुचणार तरी कोणते? रोग्याला गावाबाहेर घालविणे हा त्या समजुतीचा क्रमप्राप्त शेवट होता.

एकोणिसाव्या शतकात या हद्दपारीला संस्थेचे आणि कायद्याचे रूप आले. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांनी १८९० साली शहरातील निराधार कुष्ठरोग्यांसाठी माटुंग्यास आश्रयस्थान काढले. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठ्यांचे ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ साली प्रसिद्ध करणारे अ‍ॅकवर्थसाहेब ते हेच. त्यांच्या संस्थेमागे करुणा होती यात संशय नाही. परंतु रोगी शहराच्या दृष्टीआड व्हावेत ही शहराची इच्छाही तिच्यामागे होतीच. पुढे १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यास पकडून आश्रमात ठेवण्याची आणि सार्वजनिक विहिरीवर स्नान करण्यापासून किंवा अन्न तयार करून विकण्यापासून त्याला परावृत्त करण्याची तरतूद केली. कायद्याला रोग्याची भीती वाटत होती. त्याच्या पायांचा विचार त्यात कोठेच नव्हता.

याच काळात शास्त्राची पावले मात्र हळूहळू पुढे पडत होती. नॉर्वे देशात डॅनिएलसन आणि बोएक या दोन वैद्यांनी १८४७ साली या रोगाचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन केले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकविणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी १८६० नंतरच्या वर्षांत कुष्ठरोग्यांच्या शवांचे विच्छेदन करून या रोगात मज्जातंतू कसे जाड होतात ते दाखवून दिले. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ज्यावरून शरीर ओळखावयास शिकले त्या ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या ग्रंथातील आकृत्या याच कार्टर यांच्या हातच्या. १८७३ साली ते नॉर्वेस गेले. आणि त्याच वर्षी तेथील बर्गन शहरात आरमौर हॅन्सन यांना कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध लागला. रोग पापाने होत नाही, जंतूने होतो. आणि तो जंतू मज्जातंतूंत घर करतो, एवढे आता ठरले.

असे असूनही पायाच्या व्रणांचे कोडे सुटले नाही. उलट एक नवीच विद्वन्मान्य चूक रूढ झाली. मज्जातंतू हे मांसाला एक प्रकारचे पोषण पुरवितात, ते मेले की पोषण तुटते आणि मांस आपोआप कुजते, असे वैद्य मानू लागले. ‘आपोआप’ हा शब्द जुन्या पापकल्पनेतून निघून वैद्यकाच्या ग्रंथात येऊन बसला. परिणाम एकच झाला. जे आपोआप होणार त्यावर उपाय कसला करावयाचा? व्रण धुवावा, पट्टी बांधावी, आणि पाऊल उरले नाही म्हणजे ते कापून टाकावे, एवढेच उपचार शिल्लक राहिले.

सेवेच्या क्षेत्रात या काळात महाराष्ट्रभूमीत मोठी कामे उभी राहिली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सहवासात आलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री या रोगाने पीडित होऊन १९३९ साली सेवाग्रामास आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली, आणि वरोड्यास बाबा आमटे यांनी त्यानंतर काही वर्षांतच याच कामाला आयुष्य वाहून घेतले. याच दशकात औषधही हाती आले. अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथे १९४१ साली सल्फोन जातीच्या औषधाचा यशस्वी प्रयोग झाला आणि पाचसहा वर्षांतच मद्रासजवळील चेंगलपट्टू येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी ते भारतात वापरावयास आरंभ केला. रोगाचा जंतू आता मरू लागला. परंतु एक विचित्र दृश्य दिसू लागले. ज्यांच्या शरीरात जंतूचा मागमूस उरला नव्हता, त्यांच्याही पायांचे व्रण भरत नव्हते आणि बोटे झिजतच होती. रोग गेला, नाश थांबला नाही.

या कोड्याशी ज्याने झुंज घेतली तो माणूस काहीसा आडवाटेने वैद्यकात आला होता. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. इंग्लंडात शिकत असता त्यांनी प्रथम सुतारकाम, गवंडीकाम अशा बांधकामाच्या कसबांची उमेदवारी केली, वैद्यक नंतर. शल्यचिकित्सक होऊन १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. पुढच्या वर्षी चेंगलपट्टूची वसाहत पाहत असताना वाकड्या, आखडलेल्या बोटांचे हात पाहून त्यांनी कॉक्रेन यांना विचारले की, यांच्यावर शस्त्रक्रिया का करीत नाहीत? कॉक्रेन त्वचारोगाचे तज्ज्ञ. हाडांच्या आणि स्नायूंच्या डॉक्टरांनी या रोगाकडे ढुंकूनही पाहिले नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा ब्रँड यांनी एका रोग्याच्या वाकड्या पंजात आपला हात दिला आणि ‘दाब’ म्हणून सांगितले. त्या पंजाने त्यांचा हात असा काही आवळला की ते कळवळले. हात निकामी झालेला नव्हता, काही स्नायू लुळे पडले होते आणि बाकीचे चांगले बळकट होते. शिवाय ज्याचा हात होता त्याला आपण समोरच्यास किती दुखवीत आहो याची वार्ताही नव्हती. बळ आहे पण दुखणे नाही, या एका अनुभवात पुढच्या साऱ्या संशोधनाचे बीज होते.

बळकट स्नायूची दोरी लुळ्या स्नायूच्या जागी जोडून हात पुन्हा कामास आणण्याच्या शस्त्रक्रिया वेल्लोरला सुरू झाल्या. बरे झालेल्या तरुणांना काही कसब शिकविण्यासाठी आवारातच १९५१ साली ‘नवजीवन केंद्र’ उभे राहिले. तेथे सुतारकामाच्या साळेत ब्रँड स्वतः उभे राहत, आणि त्यांनी एक नियम घालून दिला : प्रत्येक नव्या जखमेचे कारण शोधून काढावयाचे. ‘आपोआप झाली’ हे उत्तर मान्य करावयाचे नाही. काही दिवसांतच एकेक कारण उघड होऊ लागले. कोणी हातोड्याच्या मुठीतील फूस न कळता दिवसभर काम करीत होता. कोणी चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उतरीत होता. एकदा गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना, तेव्हा एका लहान मुलाने पुढे होऊन किल्ली सहज फिरविली. त्याच्या बोटाकडे पाहिले तो कातडे फाटून हाड दिसत होते, आणि मुलगा मात्र हसत उभा होता. रात्री झोपेत बोटांचे तुकडे नाहीसे होत, त्याचे कारण शोधण्यास जागता पहारा ठेवावा लागला. उंदीर बोटे कुरतडीत होते आणि निजलेला माणूस जागा होत नव्हता. त्यानंतर घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर देण्याची प्रथाच तेथे पडली! हसू यावे अशी ही हकीकत. परंतु हजारो वर्षांचा शाप त्या मांजराने खोटा पाडला.

हातांचे कोडे सुटले. पायांचे अधिक कठीण होते. हाताची जखम एका क्षणाच्या अपघाताने होते, पायाची तशी नव्हती. पुष्कळ रोग्यांच्या पायात काटा नव्हता, खडा नव्हता, तरीही चवड्याखाली व्रण उठत होते. याचे उत्तर चालण्यातच दडलेले निघाले. माणूस पाऊल उचलतो तेव्हा अखेरच्या क्षणी शरीराचा सारा भार चवड्याच्या हाडांखालील दोनचार इंच जागेवर पडतो. निरोगी माणसाला मैल-दोन मैल चालल्यावर त्या जागी किंचित दुखू लागते, आणि त्याच्या नकळत त्याची चाल बदलते. तो भार कधी टाचेकडे, कधी कडेकडे सरकवितो. फोड येण्यापूर्वीच तो लंगडू लागतो. हे लंगडणेच पायाचे संरक्षण होय. बधिर पायाचा माणूस मात्र पहिल्या मैलात जसा चालतो तसाच दहाव्या मैलातही चालतो. तोच दाब त्याच जागी हजारो वेळा पडतो. वरची कातडी शाबूत असताना आतले मांस प्रथम गरम होते, सुजते, मग रक्ताचा फोड धरतो आणि शेवटी तो फुटतो. व्रण बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. पुढे प्रयोगशाळेत उंदरांच्या तळव्यांवर सौम्य दाब रोज हजारो वेळा देऊन हीच गोष्ट पडताळून पाहण्यात आली : एक दाब निरुपद्रवी ठरला, तोच दाब विश्रांतीवाचून वारंवार दिला तेव्हा तळवा फुटला.

घोट्याचीही हीच गत. घोटा मुरगळला की सामान्य माणूस आठ दिवस पाय टेकवीत नाही. बधिर घोटा मुरगळला तर त्याचा धनी त्याच दिवशी बाजारास जातो, आणि आतली हाडे एकमेकांवर घासून, चुरून, पाऊल होडीच्या तळासारखे वाकते. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ साली अशा सांध्यांचे वर्णन दुसऱ्या एका मज्जाविकाराच्या संदर्भात केले होते. कुष्ठरोगातही तसेच घडते हे आता स्पष्ट झाले.

वेदनेचे मोल किती, याचा प्रत्यय खुद्द ब्रँड यांनाही एका रात्री आला. १९५० नंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. प्रवासातून लंडनला पोहोचल्यावर, आजारी व थकलेले असताना, मोजे काढताना त्यांच्या लक्षात आले की आपल्या टाचेला स्पर्श कळत नाही. त्यांनी सुई घेऊन घोट्याखाली टोचून पाहिली, वेदना नाही. ज्या रोग्यांत आयुष्य घालविले त्यांचा रोग आपणास जडला, या विचारात त्यांनी ती रात्र डोळ्यास डोळा न लागता काढली. सकाळी त्यांनी पुन्हा सुई टोचली, आणि ते ओरडले. आगगाडीच्या प्रवासात अवघडून बसल्याने मज्जातंतू दबला होता, एवढेच. त्या सकाळी त्या सुईच्या वेदनेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, आणि पुढे आयुष्यभर ते वेदनेला देणगी म्हणत राहिले.

कारण कळल्यावर उपचाराची दिशा बदलणे ओघानेच आले, आणि ते उपचार आश्चर्य वाटावे इतके साधे निघाले. पहिला उपाय विश्रांती. तळव्याचा व्रण अंथरुणावर पडून राहिल्यास कोणत्याही मलमावाचून भरतो. म्हणजे त्या मांसाची भरून येण्याची शक्ती मुळीच गेलेली नव्हती, आणि पोषणाभावाचा सिद्धान्त येथेच कोसळला. परंतु मजुरी करून पोट भरणारा माणूस दोन दोन महिने अंथरुणावर कसा राहणार? त्यावर दुसरा उपाय प्लास्टरचा. १९३० नंतरच्या दशकात भारतात आणि श्रीलंकेत काही डॉक्टरांनी असे व्रण प्लास्टरमध्ये बांधून पाहिले होते. तीच पद्धत वेल्लोर आणि १९५५ साली त्याच्याजवळ स्थापन झालेल्या करिगिरीच्या संशोधनकेंद्रात सुधारण्यात आली. तळव्यापासून पोटरीपर्यंत नेमके बेतून बसविलेले प्लास्टर चवड्यावरचा भार साऱ्या पायावर वाटून टाकते. रोगी हिंडूफिरू शकतो आणि आत व्रण भरत असतो. हाडे चुरलेल्या घोट्यालाही याच प्लास्टरचा आधार. दोन्ही पायांवरून हात फिरवून पाहावा. दुखावलेला पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, आणि ती ऊब ओसरेपर्यंत प्लास्टर काढावयाचे नसते. वेदना जे तोंडाने सांगत नाही ते ऊब हाताला सांगते.

तिसरा उपाय पायतणाचा, आणि सर्वांत मोठे यश त्याचेच. बरा झालेला व्रण अनवाणी चालताच पुन्हा फुटत असे. बाजारातील वहाणांना खिळे असतात. एखादा खिळा वर आला तरी बधिर पायाला पत्ता लागत नाही. अंगठ्याची चप्पल पायातून केव्हा निसटून गेली हेही कळत नाही. तेव्हा वेल्लोर-करिगिरीच्या कारागिरांनी निराळीच वहाण बेतली : खाली काटा आत येऊ न देणारा कणखर थर, वर सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे अस्तर, टाचेमागून एक पट्टा, आणि खिळा एकही नाही. ज्यांचे पाऊल अधिक बिघडले होते त्यांच्यासाठी मधोमध उंचवटा असलेला कडक तळ, म्हणजे पाऊल न वाकता पाळण्यासारखे पुढे कलते आणि चवड्यावरचा ताण टळतो. शल्यविशारदाच्या चाकूइतकीच चर्मकाराची आरी आता उपचाराचे साधन ठरली. आपल्या समाजाने ज्या धंद्याला शतकानुशतके हिणविले, त्याच धंद्याच्या कौशल्याने समाजाने टाकलेल्या माणसांची पावले वाचविली.

याखेरीज लोंबत्या पावलाची शस्त्रक्रिया होती. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाने हाडाला वळसा घालून जाणारा मज्जातंतू मेला की पाऊल वर उचलता येत नाही, चवडा फरफटत जातो आणि बोटे घासतात. पायाच्या आतल्या बाजूचा शाबूत स्नायू पुढे वळवून पावलाच्या पाठीवर जोडला म्हणजे तेच पाऊल उचलू लागते. मात्र त्या स्नायूला आपले नवे काम आठवडेच्या आठवडे शिकवावे लागते. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त : रोज पाय पाहणे. कुष्ठरोगात तळव्याची कातडी घाम न आल्याने कोरडी पडून भेगाळते. म्हणून पाय थोडा वेळ पाण्यात भिजवावेत, घट्टे दगडाने हलके घासावेत, तेल चोळावे आणि तळवा आरशात पाहावा. पायाला जे कळत नाही ते डोळ्याने पाहून घ्यावयाचे, एवढाच त्याचा अर्थ.

हे ज्ञान वेल्लोरपुरते राहिले नाही. डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्यास कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया सुरू करून पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासारख्या सर्वसाधारण रुग्णालयाचे दार त्यांना उघडून दिले. परंतु एक गोष्ट कोणत्याही शस्त्रक्रियेला साधली नाही. काळ्या रबराची ती विशिष्ट वहाण गावोगाव ओळखू येऊ लागली; पायात ती दिसली की लोक अंग चोरीत. पुष्कळांनी लाजेपोटी ती कोनाड्यात ठेवून दिली आणि अनवाणी जाऊन पाय गमावले. पुढे त्या वहाणा नेहमीच्या रंगांत व आकारांत तयार करू लागले ते याचसाठी. रबराचा मऊपणा मोजता येतो; शेजाऱ्याच्या नजरेचा कठोरपणा मोजण्याचे साधन निघालेले नाही.

१९६६ साली ब्रँड भारतातून कारव्हिलला गेले. तेथे या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. मधुमेहाच्या रोग्यांचे पायही फार काळानंतर बधिर होतात आणि त्यांनाही असेच व्रण उठतात. त्याचे खापर तोवर बहुधा बिघडलेल्या रक्तपुरवठ्यावर फोडले जात असे. रक्तपुरवठ्याचा दोष पुष्कळांत असतो हे खरेच. परंतु अनेकांच्या व्रणाचे मूळ बधिर पायाने चालण्यातच आहे, आणि वेल्लोरची वहाण व प्लास्टर येथेही लागू पडते, हे दिसून आले. कुष्ठरोग्यांकडून शिकलेला धडा श्रीमंत देशांच्या मधुमेही रोग्यांच्या उपयोगी पडला. बधिरता ओळखण्याची एक सोपी कसोटीही तेथेच रुळली : दहा ग्रॅम जोराने वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवावयाचा, तो कळला नाही तर पायाचा पहारेकरी झोपला असे समजावे. तेथेच ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा प्रयत्न केला. मोज्यांत दाब मोजणारी यंत्रे बसविली, धोका झाला की आवाज, मग दिवा, शेवटी विजेचा झटका. लाखो रुपयांच्या मोलाचा हा प्रयोग फसला, कारण झटका नको असला की रोगी यंत्रच बंद करून काम उरकीत. खरी वेदना बंद करता येत नाही, हेच तिचे सामर्थ्य असल्याचे त्या प्रयोगाने शिकविले. ब्रँड २००३ साली निवर्तले.

मधल्या काळात रोगाचे आणि कायद्याचेही चित्र पालटले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. तिच्यामुळे रोग सहा महिन्यांत अथवा वर्षभरात बरा होऊ लागला. राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने २००५ च्या अखेरीस गाठले; तरीही त्यानंतरच्या बहुतेक वर्षांत लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत आले आहेत. १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ साली निघाली. माणसांपैकी सुमारे पंचाण्णव टक्क्यांना या रोगाची निसर्गतःच बाधा होत नाही, हे ज्ञात असूनही इतका उशीर लागला. दुसरीकडे, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेही रोग्यांची संख्या दहा कोटींवर असल्याचा अंदाज दिला. एके काळी गावाबाहेर घालविलेल्या माणसांचे दुखणे, किंवा खरे म्हणजे न दुखणे, आता घराघराच्या उंबरठ्याशी आले आहे.

मधुमेही माणसाने पाय भिजत ठेवू नयेत. ते धुऊन बोटांच्या बेचक्यांतूनही कोरडे करावेत, अनवाणी चालू नये, वहाण घालण्यापूर्वी तिच्यात हात घालून खडा पाहावा, आणि कुरूप स्वतः कापू नये, असे डॉक्टर सांगतात. यांतील प्रत्येक सूचनेमागे कोणा तरी अनाम कुष्ठरोग्याचे गमावलेले पाऊल आहे. सुताराच्या साळेतील जखमांची कारणे शोधू देणारे ते तरुण, रात्री उंदरांच्या पाळतीवर बसणारे त्यांचे सोबती, नव्या वहाणा घालून मैलोगणती चालून दाखविणारे रोगी, यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. निजण्यापूर्वी एखादा वृद्ध मधुमेही दिव्याजवळ बसून आपला तळवा आरशात न्याहाळतो, तेव्हा ही रीत आपणास कोणी शिकविली हे त्याला ठाऊक नसते. ज्यांच्या सावलीलाही त्याच्या पूर्वजांनी दूर ठेवले होते, त्यांनीच ती शिकविली आहे.